सर, तुम्ही मला पोट सांगितलंत

सर,

काकूंनी दिलेली पिशवी आठ दिवसांपासून माझ्या टेबलावर आहे आणि मी ती उघडलेली नाही. तोंड सुतळीनं घट्ट बांधलेलं आहे. हलवली की आत काच काचेवर वाजते. तुम्ही गेल्यानंतरच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम आटोपून मी नांदेडहून लातूरची एसटी धरायला निघाले, तेव्हा काकू फाटकापर्यंत आल्या, पिशवी माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, "सुजाता, हे सगळं तुझ्या लॅबात तपास. याच्यानंच गेले का तुझे सर, एवढं मला सांग. दुसरं काही नको."

मी "हो काकू" म्हणाले. आमच्या लॅबमध्ये रक्त, लघवी, थुंकी तपासतात, मध तपासत नाहीत, हे सांगायचं धाडस झालं नाही. आपल्याकडं लॅबवाली म्हटलं की ती सगळंच तपासते. आईनं मला एकदा विहिरीचं पाणी पाठवलं होतं आणि मामानं सोयाबीनचं बियाणं. तुम्हाला हे सांगितलं तेव्हा तुम्ही चष्मा काढून डोळे पुसेपर्यंत हसला होतात.

पण पिशवी न उघडण्याचं कारण ते नाही. मला संशय घ्यायला एक माणूस सापडला आहे आणि पिशवी उघडली की तो हातचा जाईल, अशी भीती वाटते. तो माणूस म्हणजे गंगाधर. आमच्याच वर्गातला, शेवटच्या बाकावरचा, दहावी नापास गंगाधर. आता किनवटजवळ मधमाश्यांच्या पेट्या ठेवतो आणि माहूरला देवीच्या पायथ्याशी टपरी टाकून यात्रेकरूंना बाटल्या विकतो. मध, पराग, आणि माश्या पोळ्याच्या फटी बुजवायला जी राळ वापरतात, तिचा काळपट अर्क. दोन वर्षं तुम्ही हे सगळं त्याच्याकडून घेत होतात. मला विचारून नाही. म्हणजे विचारलंत, पण दुसरंच विचारलंत.

संशय घ्यायला तुम्हीच शिकवलंत सर, म्हणून तिथूनच सुरू करते.

किनवटच्या जंगलातली आपली आश्रमशाळा. दहावीच्या विज्ञानात तो प्रजननाचा धडा होता. तुमच्या आधीचे सर तो आला की म्हणायचे, "हे घरी वाचा." आम्हाला घर कुठं होतं, वसतिगृह होतं. तिथं मुलींनी ती पानं शितं लावून चिकटवून टाकली होती. वरच्या वर्गातल्या मुलींची पुस्तकं खाली यायची, त्यामुळं ती चिकटलेली पानं वर्षानुवर्षं तशीच पुढं सरकत आलेली. तुम्ही पुस्तक उघडलंत, पान उघडेना. तुम्ही चिडला नाहीत. बादलीभर पाणी आणि फडकी मागवलीत आणि म्हणालात, "आधी पानं सोडवा. मग शिकू."

तो सबंध तास आम्ही पानं सोडवण्यात घालवला. दुसऱ्या दिवशी तुम्ही फळ्यावर आकृती काढलीत, पुरुषाची. गंगाधर फिसकन हसला. तुम्ही त्याला उभं केलंत. "पुरःस्थ ग्रंथी. म्हण. दहा वेळा म्हण. हसू संपलं की बस." तो म्हणत राहिला. सातव्या-आठव्या वेळेला त्याचं हसू खरंच संपलं होतं. मग तुम्ही माझ्याकडं वळलात. "सुजाता, ही कुठं असते?"

मी उभी राहिले. उत्तर येत होतं, तोंडातून निघत नव्हतं. आणि तुम्ही तेच केलंत जे तुम्ही नेहमी करायचात. पाठ फिरवलीत आणि डस्टर घेऊन फळ्याचा एक कोपरा पुसायला लागलात, जो आधीच कोरा होता. अवघड प्रश्न विचारला की लाजऱ्या पोराकडं बघायचं नाही, त्याला पाठीला उत्तर देऊ द्यायचं, ही तुमची पद्धत. मी तुमच्या पाठीला म्हणाले, "मूत्राशयाच्या खाली, सर."

"बरोबर," तुम्ही फळ्याकडं तोंड करूनच म्हणालात. "लाज वाटायची तर चुकीच्या उत्तराची वाटू द्या. अवयवाची कसली?"

हे वाक्य मी किती जणांना सांगितलं आहे, सर. म्हणूनच आज तुमचा राग येतो.

राग येतो असं लिहिलं आणि लगेच दुसरं आठवलं. बारावीनंतर बाबा मला घरी ठेवणार होते. बाबा वन खात्याच्या रोपवाटिकेत सागाची रोपं लावायचे. तुम्ही तिथं आलात, मातीच्या वाफ्यांमध्ये उकिडवे बसलात आणि म्हणालात, "तुमची पोरगी सूक्ष्मदर्शकातून बघते तेव्हा श्वास धरून बघते. अशी पोरं मी सगळ्या नोकरीत दोन पाहिली."

बाबांना सूक्ष्मदर्शक माहीत नव्हता. त्यांनी विचारलं, "वाघ दिसल्यावर धरतेत तसा?"

"हाव. तसाच."

"मग शिकू द्या," बाबा म्हणाले. आमच्या सगळ्या गोतात पहिली पदवी अशी निघाली. नांदेडला बी.एस्सी., मग लॅबचा कोर्स, मग लातूर. माझ्या टेबलावर आज जो सूक्ष्मदर्शक आहे त्यात डोळा लावताना मी अजून श्वास धरते. सोबतच्या पोरी चिडवतात.

आता त्या फोनचं. दोन वर्षांपूर्वी तुम्ही फोन केलात, इकडच्या-तिकडच्या चौकश्या केल्यात आणि शेवटी, ठेवता ठेवता म्हणालात, "सुजाता, मधमाश्या पायाला लावून आणतात तो पराग, तो खाल्ला तर बरा असतो का गं? काही वाचलंस?"

"कशासाठी सर?"

तुम्ही जरा थांबलात. तो थांबा मला आज ऐकू येतो, तेव्हा आला नाही. "पोटासाठी," तुम्ही म्हणालात. "जड राहतं. साफ होत नाही."

"पुरावा काय सर?"

"म्हणून तर तुला विचारून राहिलो."

मी वाचून सांगितलं. राळेच्या अर्कानं काचेच्या ताटलीत जंतू मरतात, पण ताटली आणि माणसाचं आतडं एक नाही. मधानं घसा आणि पोट थोडं शांत होतं असं बरेच म्हणतात, पण तुमची साखर काठावर आहे. परागाची कुणाला ॲलर्जी असते. मी ही यादी अशा आवाजात वाचली, जशी मी पेपरमध्ये उत्तरं लिहायचे, एकही मुद्दा सुटू नये म्हणून. तुम्ही मध्येच म्हणालात, "पण मध चांगला आहे. कागदावर थेंब टाकून पाहिला, कागद ओला झाला नाही."

"सर! ती परीक्षा खोटी आहे म्हणून तुम्हीच शिकवलं आम्हाला!"

"हाव का? मग मी चांगला मास्तर होतो म्हणायचं." आपण दोघंही हसलो. फोन ठेवल्यावर मला वाटलं, सर म्हातारे होत चालले. ज्यांनी आम्हाला कशावर विश्वास ठेवायचा नाही ते शिकवलं, ते आता जाहिराती वाचायला लागले. मी तुमच्याबद्दल हे मनात आणलं, सर, आणि पुढचं एक वर्ष त्याच चष्म्यातून तुमच्याकडं पाहिलं.

नंतर तुम्ही लातूरला आलात, एका जुन्या विद्यार्थ्याच्या घरी लग्न होतं म्हणून. मी हट्टानं तुम्हाला लॅबमध्ये आणलं. पोटाचा त्रास आहे ना, मग बघूनच टाकू. तुमच्या दंडाला पट्टा मीच बांधला, सुई मीच लावली. तुम्ही नळीत चढणारं रक्त मुलासारखं बघत होतात. त्या अर्ध्या तासात तुम्ही दोनदा बाथरूमला जाऊन आलात. मला वाटलं, एसटीचा प्रवास, वर चहा. मी दिवसभर दुसऱ्यांच्या लघवीच्या बाटल्यांवर नावं चिकटवणारी बाई, सर, आणि मला वाटलं चहा.

मग तुम्ही भिंतीवरच्या दरपत्रकासमोर जाऊन उभे राहिलात. बराच वेळ. माझ्याकडं पाठ करून. आणि त्या भिंतीकडं बघतच विचारलंत, "सुजाता, एवढ्या रक्तात अजून काय काय बघता येतं गं?"

"सगळं बघता येतं सर," मी नळीवर तुमचं नाव लिहीत म्हणाले. "पण उगाच कशाला?"

"बरोबर आहे," तुम्ही म्हणालात. "उगाच कशाला."

त्या दरपत्रकात प्रोस्टेटची, म्हणजे आपल्या पुरःस्थ ग्रंथीची, तपासणी खालून चौथ्या ओळीत आहे. पीएसए. मी परवा जिथं तुम्ही उभे होतात तिथं उभी राहून पाहिलं. तुमच्या उंचीच्या माणसाच्या डोळ्यांसमोर नेमकी तीच ओळ येते. नळी माझ्या हातात होती. त्याच रक्तात ती तपासणी झाली असती, दुसरी सुई लावायचीसुद्धा गरज नव्हती. मी साखर, हिमोग्लोबिन, यकृत एवढं करून दिलं आणि अहवालावर अभिमानानं सही केली.

शेवटचं भांडण गेल्या उन्हाळ्यात, नांदेडला, तुमच्या घरी. त्याचं मला सगळ्यात वाईट वाटतं, कारण ते भांडण आपलं नव्हतंच. तुमच्या फळीवर तीन बाटल्या होत्या. मी झाकणावरचं नाव वाचलं, गंगाधरचं. एकीत टाचणीच्या डोक्याएवढे पिवळे, केशरी कण. मी म्हणाले, "सर, गंग्याचं घेता तुम्ही? दहावी नापास गंग्याचं?"

"मी नापास केलं नव्हतं त्याला. बोर्डानं केलं."

"विषय तो नाही. तो यात्रेत बसून कुणालाही काहीही देतो. चिठ्ठीवर काय काय लिहिलेलं असतं माहीत आहे का? एका बाटलीत पंधरा रोग!"

मी बाटली उचलायला हात पुढं केला. तुम्ही माझ्या आधी उचललीत, चिठ्ठी भिंतीकडं करून ठेवलीत, आणि बाकीच्या दोन्हीही फिरवल्यात. एकेक करून, शांतपणे. काकू चहा घेऊन आल्या तेव्हा तिन्ही बाटल्या पाठमोऱ्या होत्या.

मला वाटलं, सरांना लाज वाटतेय. विज्ञानाच्या मास्तराला असल्या बाटल्यांवर विश्वास ठेवताना पकडलं म्हणून. आणि मला तुमच्या त्या लाजेनं बरं वाटलं, हे पण लिहून टाकते. मी जिंकले असं वाटलं. "तुमच्याकडून अपेक्षा नव्हती सर," असं म्हणून मी उठले. चहा अर्धा तसाच राहिला. त्यानंतर तुम्ही मला बाटल्यांबद्दल एक शब्द विचारला नाहीत. मी पण चार महिने नांदेडला आले नाही. कामं होती. कामं नेहमीच असतात.

आले तेव्हा तुम्ही दवाखान्यात होतात. एक दिवस लघवी पूर्ण अडकली आणि शेजाऱ्यांनी तुम्हाला रिक्षात घालून नेलं, एवढं काकूंनी फोनवर सांगितलं होतं, तेही चाचरत. मी वॉर्डात शिरले. तुम्ही मला दुरूनच पाहिलंत आणि घाईघाईनं चादर पलंगाच्या कडेवरून खाली ओढलीत, बाजूला टांगलेली लघवीची पिशवी दिसू नये म्हणून. मी दिवसाला असल्या किती पिशव्या बघते, सर. "पोट जरा बिघडलं गं," तुम्ही म्हणालात. फाइल तुमच्या पायाशी होती. मी ती वाचली. कॅन्सर प्रोस्टेटमधून निघून हाडांपर्यंत गेलेला होता. मी वाचत असताना तुम्ही खिडकीकडं बघत होतात. मी फाइल मिटली आणि म्हणाले, "हलकं खा सर थोडे दिवस."

आपण दोघांनी मिळून तो खोटेपणा शेवटपर्यंत नेला. आकृती तुम्हीच काढून शिकवली होतीत, नाव मलाच विचारलं होतंत, आणि शेवटच्या सगळ्या भेटींत तो शब्द आपल्यात कुणी उच्चारला नाही.

म्हणून मला गंगाधर हवा होता.

कार्यक्रमाला तो आला. चपलांच्या ढिगापाशी उभा होता, आत येत नव्हता, हातात फुलं. मी सरळ त्याच्याकडं गेले.

"ये ना आत. सरांना बाटल्या द्यायला घरापर्यंत यायचास की."

"लई दिवसांनी, म्याडम," तो म्हणाला. वसतिगृहात एका रांगेत बसून डाळभात खाल्लेला माणूस मला म्याडम म्हणत होता आणि मी त्याला थांबवलं नाही.

"काय सांगून दिल्या होत्यास त्यांना?"

"काय सांगणार? चिठ्ठीवर हाय तेच. पंधरा रोग." तो हसला, मग हसू गिळलं. "म्याडम, सर माहूरला आले होते. रिटायर मास्तर लोकांची सहल होती, किल्ला बघायला. बाकीचे वर गेले, सर माझ्या टपरीपाशीच घुटमळून राहिले. गिऱ्हाईक हटेना आणि सर काही बोलेनात. सगळे गेल्यावर म्हणाले, गंगाधर, लघवीला फार वेळ लागतो रे."

"तुला सांगितलं?" मला ते पटलंच नाही. "तुला?"

"हाव, मलाच. मी म्हणलं, सर, ती पुरःस्थ ग्रंथी. तुम्हीच दहादा म्हणायला लावलं होतं मला. सर लई हसले. मग मी म्हणलं, आमच्या बापाला बी हेच झालं होतं, हे एकट्या मधाचं काम न्हाई, दवाखान्यात दाखवा. सुजाता म्याडमची लॅब हाय ना लातूरला, तिथं रक्त द्या."

"मग?"

गंगाधर फुलांकडं बघत राहिला. "म्हणाले, ती पोरगी हाय रे. पोरीसमोर कसं बोलू?"

मी त्याला म्हणाले, "खोटं बोलतोस." अगदी याच शब्दांत, तुमच्या फोटोपासून दहा पावलांवर. "सर असं म्हणणारच नाहीत. ज्यांनी पानं सोडवून शिकवलं ते असं म्हणतील? तुझा धंदा वाचवायला सांगतोस तू."

तो चिडेल असं वाटलं होतं. तो म्हणाला, "दवाखान्यात जा म्हणलं मी, हे खरं हाय. पण बाटली बी दिली ना. दर बार म्हणलं आणि दर बार बाटली दिली. सर म्हणायचे, थोडं बरं वाटतंय. ती दिली नसती तर लवकर गेले असते का, हे तुम्ही सांगा म्याडम. तुम्ही शिकलेल्या आहात." मग तो आत गेला, फुलं वाहिली आणि न जेवता निघून गेला.

तेव्हापासून माझ्याकडं दोन संशय आहेत. एक, गंगाधर खोटं बोलला. दुसरा, खरं बोलला. दुसरा जास्त जड आहे.

आज रविवार. लॅब बंद. हे इथपर्यंत लिहिलं आणि उठून सुतळी कापली.

चार बाटल्या निघाल्या, सर. मी आधी आतलंच पाहिलं, सवयीनं. दोन मधाच्या, एक परागाची, एक अर्काची छोटी. अर्काच्या बाटलीचं सीलसुद्धा तोडलेलं नव्हतं. मग मी बाटल्या फिरवल्या, जशा तुम्ही त्या दिवशी फिरवल्या होत्यात, फक्त उलट दिशेनं. समोर छापील चिठ्ठी: पोट, आतडी, प्रोस्टेट, सांधे, अशक्तपणा, आणि पुढं बरंच. यात्रेतल्या माणसाला हवं ते सगळं. ती चिठ्ठी मला आजही पटत नाही, आणि गंगाधरला मी ती बदलायला लावणार आहे.

पण चिठ्ठीच्या खाली, कोऱ्या जागेत, बॉलपेननं लिहिलेलं होतं. पहिल्या बाटलीवर: "सर, आधी दवाखाना." दुसऱ्या बाटलीवर: "सर, रक्त दिलं का? म्याडमला सांगा, त्या काही म्हणणार नाहीत." परागाच्या बाटलीवर: "दाखवलं का सर?" आणि सील न तोडलेल्या छोट्या बाटलीवर काहीच लिहिलेलं नव्हतं. फक्त छापील ओळीतला प्रोस्टेट हा शब्द त्याच पेननं गिरवून गिरवून खोडलेला होता.

मला लगेच संशय आला, गंगाधरनं हे तुम्ही गेल्यावर तर लिहिलं नसेल? तुम्हीच म्हणाल, तपास. मी भिंग घेऊन बसले. पहिल्या बाटलीवर मधाचा एक ओघळ वाळलेला होता, त्यात धूळ आणि एक मुंगी अडकलेली. अक्षर त्या ओघळाच्या खाली होतं, वर नव्हतं. म्हणजे ते बाटली वापरायच्या आधीपासूनच तिथं होतं. तुम्ही माझ्यापासून जी बाजू लपवलीत, तिच्यावर हे होतं. मी त्या दिवशी हात जरा लवकर पुढं केला असता, भांडायच्या आधी, तर मला वाचता आलं असतं. त्या काही म्हणणार नाहीत, असं माझ्याबद्दल गंगाधरनं लिहिलं होतं, आणि त्याच फळीसमोर उभी राहून मी म्हणाले, तुमच्याकडून अपेक्षा नव्हती.

मी काकूंना फोन लावला.

"काकू, तपासलं. मध मधच आहे. त्यानं सर गेले नाहीत."

"नक्की?"

"नक्की. मी आता वाचलंय सगळं. परागानं असल्या त्रासात काही जणांना थोडं हलकं वाटतं, डॉक्टरांच्या औषधासोबत घेतलं तर. सरांना पण वाटलं असेल. पण आत काय वाढतंय ते त्यानं कळत नाही. बरं वाटलं, म्हणून थांबले."

काकू मग म्हणाल्या, "मला वाटायचं, वयाचं असंल. मी पण विचारलं न्हाई कधी नीट. चाळीस वर्षं संसार केला, पण असलं काही विचारायचं म्हणजे..." आणि पुढं, "लवकर कळलं असतं तर वाचले असते का गं?"

"डॉक्टर म्हणतात, सांगता येत नाही. पण वेळ मिळाला असता, काकू. प्रोस्टेटचा होता. पुरःस्थ ग्रंथीचा. सरांनी दहावीला शिकवली होती आम्हाला."

मी तो शब्द म्हणाले, सर. तुमच्या घरात, फोनवरून का होईना. काकू म्हणाल्या, "शिकवली व्हती व्हय?" आणि रडल्या. तुम्ही गेल्यापासून त्या रडल्या नव्हत्या, असं त्यांची बहीण सांगत होती.

तुम्हाला माफ करायचं की तुमची माफी मागायची, माझं अजून ठरलेलं नाही. तुम्ही माझी लाज घालवलीत आणि स्वतःची ठेवून घेतलीत. पण त्या दिवशी दरपत्रकासमोर तुम्ही पाठ करून उभे राहिलात, ते मी आता वेगळं वाचते. तुम्ही सांगायला आला होतात. लाजऱ्या पोरांना जशी सोय करून द्यायचात, तशी स्वतःसाठी करून घेतली होतीत. प्रश्न विचारायला तेवढं समोर कुणी नव्हतं. मी होते, पण नळीवर नाव लिहीत होते.

हे पान मी तीन दिवस तसंच ठेवलं होतं. आज एक गोष्ट झाली, ती सांगून थांबते.

औशाकडचे एक आजोबा आले सकाळी. धोतर, पांढरी टोपी, सोबत नातसून. "पोटाचा तरास हाय," ते म्हणाले. तुमच्यापेक्षा थोडे थकलेले. मी नातसुनेला बाहेरच्या बाकावर बसायला सांगितलं. पट्टा बांधायच्या आधी विचारलं, "आजोबा, पोटाचाच आहे, की लघवीचा पण आहे? धार बारीक होते का, वेळ लागतो का? पुरुषांना एक ग्रंथी असते, प्रोस्टेट म्हणतात, तिच्यामुळं होतं तसं. तपासता येतं."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही. भिंतीकडं पाहिलं, त्याच दरपत्रकाकडं. जबडा आवळलेला.

मी पाठ फिरवली. स्टँडमधल्या रिकाम्या नळ्या काढल्या आणि एकेक पुसायला लागले, ज्या आधीच स्वच्छ होत्या. पहिली पुसली, दुसरी पुसली. पाचव्या नळीला मागून आवाज आला.

"हाव, बाई. लई दिवसाचं हाय."